कुरकुर : आसापासून बुशापर्यंत

मराठीत 'कुरकुर' हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. मनाविरुद्ध काम करावे लागले की माणूस कुरकुरतो आणि तेल न मिळालेले चाकही कुरकुरते. दोन्हीकडे अर्थ एकच आहे. कुठे तरी काही तरी अडते आहे, घासते आहे, आणि तरीही काम पुढे रेटले जात आहे. माणसाच्या कुरकुरीचे कारण शोधणे अवघड असते. चाकाच्या कुरकुरीचे कारण मात्र शोधता येते. ते शोधण्याचा इतिहास चाकाइतकाच जुना आहे, आणि त्यात शाळेत शिकवण्याजोगे विज्ञान भरपूर आहे.

या इतिहासाकडे आमचे लक्ष वेधले गेले ते पिंपळवंडीत. पिंपळवंडी हे जुन्नर तालुक्यातले गाव. पुणे-नाशिक रस्त्यावर, नारायणगाव आणि आळेफाटा यांच्या दरम्यान. या रस्त्याने आमचे नेहमी जाणे-येणे असते. एका पावसाळ्यानंतर आमच्या जुन्या मोटारीने कुरकुर सुरू केली. गतिरोधकावरून हळू जाताना पुढच्या डाव्या चाकाकडून जुने दार उघडल्यासारखा आवाज येई. शहरातल्या एका कार्यशाळेत खालच्या आर्मचे रबरी बुश बदलून घेतले. तीन आठवडे शांतता होती, मग पुन्हा तोच आवाज. आता शॉकॲब्सॉर्बर बदलावे लागतील, असे सांगण्यात आले. तो खर्च करण्याआधी, रस्त्यात लागते म्हणून, पिंपळवंडीतल्या एका लहानशा गॅरेजसमोर आम्ही गाडी उभी केली.

तिथल्या मिस्त्रींनी पान्याला हातही लावला नाही. आधी प्रश्न विचारले. "आवाज सकाळी जास्त येतो का दुपारी, सर? पावसात येतो का? गाडी उभी ठेवून नुसतं स्टिअरिंग फिरवलं तर येतो का?" मग त्यांनी आम्हाला गाडीत बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवायला लावले आणि स्वतः चाकामागच्या स्प्रिंगवर हात ठेवला. आवाज नाही. मग बॉनेटचा डावा कोपरा हातांनी दाबून सोडला. कुरकुर आली. एका बाटलीतले पाणी त्यांनी आर्मच्या बुशावर ओतले आणि पुन्हा कोपरा दाबला. आवाज बंद! आम्ही खूश झालो, तेव्हा ते म्हणाले, "पाणी हे औषध नाही सर, पाणी ही तपासणी आहे. वाळलं की परत वाजेल."

औषध काय होते, ते पुढे सांगू. आधी हा आवाज येतो तरी कशाने, आणि माणसाने त्याच्याशी आजवर कसे जमवून घेतले, ते पाहू.

आसाचा आवाज

जुन्नरजवळचा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपासून प्रसिद्ध आहे. कल्याणसारख्या बंदरांतून येणारा माल या घाटाने जुन्नरला चढे. पण कड्यातल्या या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाटेवर चाक चालणे शक्य नव्हते. तिथे बैल ओझे ओढत नव्हता, पाठीवर वाहत होता. घाटमाथ्यावर सपाटी लागली की मगच गाडीचा उपयोग.

चाक मात्र महाराष्ट्रात त्याहूनही पुष्कळ जुने आहे. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये काशाच्या काही वस्तू सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला आणि माणूस हाकत असलेला एक रथ आहे. उत्तर-हडप्पा काळातली ही वस्तू मानली जाते. म्हणजे चाक, आस आणि बैल हे त्रिकूट आपल्या भागात साडेतीन हजार वर्षांहून अधिक काळ नांदते आहे. चाक आसाभोवती फिरते तिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात, हेही तेव्हापासूनच.

बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वंगण आठवेल. तेलात काजळी कालवून केलेले काळे, दाट मिश्रण. गाडीवान लांबच्या प्रवासाला निघताना ते बरोबर घेत असे. वंगण संपले की तुंबा आणि आस यांची कुरकुर सुरू होई आणि बैलांना जास्त जोर लावावा लागे. काजळीचे बारीक कण दोन पृष्ठभागांमध्ये राहत आणि तेल पटकन वाहून जात नसे. आज कमानपाट्यांना ग्राफाइट मिसळलेले ग्रीस लावतात. ग्राफाइट हाही कार्बनच. काजळीची आणि ग्राफाइटची अंतर्गत रचना सारखी नसते हे खरे, पण तेल एकटे पुरत नाही, त्याला काही तरी घन पदार्थाची जोड लागते, हे गाडीवानाला अनुभवाने कळलेले होते.

कुरकुर सगळ्यांनाच नकोशी असते असेही नाही. स्पेनच्या उत्तर भागातले शेतकरी आपल्या गाड्यांचा कर्कश आवाज मुद्दाम राहू देत. अरुंद वाटांवर समोरून येणाऱ्याला तो दुरून ऐकू येई. पण हा अपवाद. जुन्नर-आंबेगावकडे बैलगाडा शर्यतींचे घाट गाजतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या शर्यती थांबल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. काही सेकंदांच्या त्या धावेत चाकाने अडून चालत नाही. चाक किती सहज फिरते हे गाडामालक हाताने फिरवून, कान देऊन पाहतो. कानाने तपासण्याची ही रीत आपण पुढे पुन्हा भेटणार आहोत.

अडणे आणि सुटणे

घर्षणाचे नियम लिहून ठेवणारा पहिला माणूस बहुधा लिओनार्दो दा विंची. १४९० च्या दशकातल्या त्याच्या वह्यांत ते सापडतात. ओझे दुप्पट झाले की घर्षण दुप्पट होते, आणि तेवढ्याच ओझ्याचा ठोकळा आडवा ठेवा की उभा, घर्षण तेवढेच राहते. पण त्या वह्या प्रसिद्ध झाल्या नाहीत. फ्रान्समधल्या आमाँताँने १६९९ मध्ये तेच नियम स्वतंत्रपणे शोधून मांडले. अठराव्या शतकाच्या मध्यावर ऑयलरने स्थितिक घर्षण आणि गतिक घर्षण यांत फरक केला. थांबलेली वस्तू हलवायला जितके बल लागते, त्याहून कमी बल ती सरकती ठेवायला पुरते.

शार्ल कुलोम हे नाव आपण विद्युतभारांच्या नियमामुळे शिकवतो. तो मूळचा लष्करी अभियंता होता. जहाजांच्या कामात लागणाऱ्या दोरांच्या आणि लाकडांच्या घर्षणावर त्याने रोशफोरच्या गोदीत प्रयोग केले, त्यासाठी १७८१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळवले, आणि हे काम १७८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या निरीक्षणांतले एक आपल्या कामाचे आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर जितका जास्त वेळ स्वस्थ टेकून राहतात, तितके त्यांना हलवायला जास्त बल लागते. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्याच खड्ड्यात का कुरकुरते, याच्या उत्तराचा एक भाग इथे आहे. दुसरा भाग असा, की थंडीत रबर कडक होते.

आता कुरकुर कशी होते ते पाहू. टेबलावर एक वीट ठेवा, तिला रबरबँड बांधा आणि रबरबँड सावकाश ओढा. वीट लगेच हलत नाही. रबर ताणले जाते. ताण स्थितिक घर्षणापेक्षा वाढला की वीट एकदम सुटते. सरकताना घर्षण कमी, म्हणून ती झटक्यात पुढे जाते. त्यामुळे रबर सैल पडते, वीट पुन्हा अडते. अडणे, सुटणे, अडणे, सुटणे. हेच जर एका सेकंदात शंभर-दोनशे वेळा झाले तर ते डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येते. त्यालाच आपण कुरकुर म्हणतो.

शिक्षकांना यासाठी गाडीकडे जायचीही गरज नाही. फळ्यावर खडू किंचाळतो तेव्हा हेच होते. खडू मोडून आखूड केला किंवा त्याचा कोन बदलला की आवाज बदलतो किंवा बंद होतो. किंचाळणे हा खडूचा किंवा फळ्याचा एकट्याचा दोष नसतो. घर्षण आणि कंप पावू शकणारी वस्तू, दोन्ही जमून आल्यावरच आवाज निघतो.

या आवाजाचे रूप नेहमी कर्कश असते असेही नाही. व्हायोलिनची तार गजाला चिकटते, थोडी ओढली जाते, सुटते आणि पुन्हा चिकटते. हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकातून तारेची ही गती पाहिली आणि १८६३ च्या आपल्या ग्रंथात मांडली. तिच्यावर सखोल काम केले ते आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. २८ फेब्रुवारीला आपण रामन परिणामाची आठवण करतो. पण त्याच्या दहा वर्षे आधी, १९१८ मध्ये, कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समधून रामन यांनी गजाने वाजवलेल्या तारांच्या कंपनांवर एक मोठा प्रबंध प्रसिद्ध केला होता. हाताने गज ओढला की वेग आणि दाब सारखा राहत नाही, म्हणून त्यांनी यंत्राने व्हायोलिन वाजवण्याची व्यवस्थाही उभारली. गज कमीत कमी किती दाबला म्हणजे सूर टिकतो, हे त्यांना मोजायचे होते. संगीतकाराला अडणे-सुटणे नियमित हवे असते, मिस्त्रीला ते मुळीच नको असते. भौतिकी दोघांची एकच.

पृष्ठभाग अडतात का, याचे चांगले उत्तर केंब्रिजमध्ये मिळाले. बाउडन आणि लेबेन यांनी १९३९ मध्ये सरकणाऱ्या धातूंची ही अडखळती गती उपकरणांनी नोंदवली. पुढे बाउडन आणि टेबर यांनी दाखवले की गुळगुळीत वाटणारे दोन पृष्ठभाग खरे तर काही बारीक उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात. तेवढ्या ठिपक्यांवर सगळे ओझे येते, तिथे पदार्थ जणू सांधले जातात आणि ते सांधे तोडायला बल लागते. वंगणाचे काम हे सांधे जुळू न देण्याचे. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये जोस्ट समितीचा अहवाल आला. घर्षण आणि झीज यांकडे दुर्लक्ष केल्याने देशाचे किती नुकसान होते याचा हिशेब त्यात होता. या शास्त्राला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव त्या अहवालाने रूढ केले. त्याच वर्षी पुण्यात भारतीय मोटार उद्योगाची संशोधन संस्था, एआरएआय, स्थापन झाली, हा एक योगायोग.

आणखी एक योगायोग मात्र गंभीर आहे. त्याच १९६६ मध्ये ब्रेस आणि बायर्ली यांनी सुचवले की भूकंपही असाच होतो. भूकवचातले दोन खडक एका भेगेवर अडून राहतात, ताण साठतो आणि एका क्षणी ते सुटतात. पुढच्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७ ला, कोयनेचा भूकंप झाला. जलाशयातले पाणी खोलवर झिरपून भेगेतला दाब वाढवते आणि खडकांची पकड ढिली करते, असे या भागातल्या भूकंपांचे स्पष्टीकरण दिले जाते. बुशावर ओतलेले बाटलीभर पाणी आणि कोयनेचे पाणी यांची कार्यपद्धती सारखी नाही. पण अडलेले सुटते कसे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

कमानपाट्यांचा व्यवहार

बैलगाडीला स्प्रिंग नसते. खड्डा थेट पाठीच्या कण्याला कळतो. ओबाडाया इलियट याने १८०४ मध्ये इंग्लंडमध्ये घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार कमानी बसवल्या. पोलादाचे वाकवलेले पाटे एकावर एक रचायचे. ओझे आले की सगळे मिळून वाकतात. आपल्याकडच्या टांग्यांपासून मालमोटारींपर्यंत ही रचना आली. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत जीपगाड्यांची जुळणी सुरू केली, त्या जीपच्या चारही चाकांवर असेच पाटे होते. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या एस.टी.पासून पुढे कित्येक वर्षे खेड्यातल्या माणसाला मोटारीचा जो आवाज ओळखीचा झाला, त्यात इंजिनाइतकाच पाट्यांचा वाटा होता.

पाटे वाकतात तेव्हा एकमेकांवर थोडे सरकतात. माती आत गेली, गंज चढला, की ते कुरकुरतात. मग त्यांच्यामध्ये भरपूर ग्रीस का घालू नये? इथे एक गंमत आहे. पाट्यांमधले घर्षण आवाज करते, पण गाडीची उसळीही तेच जिरवते. घर्षण अगदी नाहीसे केले तर गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ डोलत राहील. म्हणजे कुरकुर करणारा हा कामगार काही उपयोगाचे कामही करत होता. त्याचे काम दुसऱ्याकडे सोपवल्याशिवाय त्याला गप्प करता येत नव्हते. तो दुसरा कामगार म्हणजे शॉकॲब्सॉर्बर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे शॉकॲब्सॉर्बरही घर्षणावरच चालत. पुढे बारीक छिद्रांतून तेल दाबून ऊर्जा जिरवणारे आले. त्यांच्यामुळे पाट्यांच्या जागी गुंडाळीची स्प्रिंग वापरणे सोयीचे झाले. अशा स्प्रिंगमध्ये घासायला जवळजवळ काहीच नसते.

वळण घेताना

बैलगाडी वळते ती बैल वळतात म्हणून. दोनच चाके असल्याने तिचे भागते. चार चाकांच्या गाडीत प्रश्न निर्माण होतो. वळणावर आतले चाक लहान वर्तुळावरून जाते, बाहेरचे मोठ्या. दोन्ही चाके सारख्याच कोनात वळवली तर एक चाक फरफटत जाते. म्युनिकचा गाडी बनवणारा लांकेनस्पर्गर याने यावर १८१६-१७ च्या सुमारास उपाय काढला. प्रत्येक चाकाला स्वतःची खुंटी द्यायची आणि दोन्ही चाके अशा दांड्यांनी जोडायची की आतले चाक जास्त वळेल. त्याचे इंग्लंडमधले पेटंट १८१८ मध्ये आकरमानने घेतले, आणि नाव आकरमानचेच राहिले. भूमितीच्या तासाला हा प्रश्न घालून पाहावा : चारही चाकांच्या आसांच्या रेषा वाढवल्या तर त्या एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत. का?

या युक्तीची किंमत अशी, की गाडीत सांधे वाढले. प्रत्येक चाक ज्या खुंटीवर वळते ती किंगपिन. दांड्यांच्या टोकांना टाय रॉड एंड. प्रत्येक सांध्यात घर्षण, प्रत्येक सांध्यात झीज. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या जुन्या फियाट गाड्यांना आणि त्यांच्याच पुढच्या अवतारांना, पद्मिनींना, किंगपिन असत. त्यांत वेळोवेळी ग्रीस भरावे लागे. त्यासाठी सांध्याला जे छोटे बोंड असते त्या निपलच्या आजच्या रूपाचे पेटंट ऑस्कर झर्क याला १९२९ मध्ये मिळाले. निपलला ग्रीसगन लावायची, जुने काळे ग्रीस बाहेर येऊन मागोमाग नवे दिसू लागेपर्यंत दाबायची, हे त्या काळच्या प्रत्येक मिस्त्रीच्या शागिर्दाचे पहिले काम. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ अखेर रस्ता सोडला.

सांध्याला झीज झाली की मध्ये पोकळी पडते. मिस्त्री त्याला 'प्ले' म्हणतात. स्टिअरिंग फिरवले तरी चाक क्षणभर वळत नाही. पिंपळवंडीपासून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातल्या एका बिंदूवर रोखून धरायच्या तर दात्यांमधली एवढीशी पोकळीही चालत नाही. म्हणून तिथे एकाच अक्षावर दोन मोटारी थोड्या एकमेकींविरुद्ध जोर लावत ठेवतात. दाते कायम टेकलेले राहतात आणि प्ले उरत नाही. मोटारगाडीत अशी चैन परवडत नाही. तिथे सांधा झिजला की बदलणे एवढेच हाती असते.

घासूच द्यायचे नाही

कुरकुर थांबवण्याचे आजवरचे मार्ग पाहिले तर ते दोन होते : मध्ये वंगण घालणे, आणि घासणारे भाग कमी करणे. तिसरा मार्ग रबराने दाखवला. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधकाने रबर पक्के करण्याची क्रिया सापडली. विसाव्या शतकात त्याच रबराचे बुश गाड्यांत आले. बाहेर एक पोलादी नळी, आत एक पोलादी नळी, मध्ये दोन्हींना घट्ट धरलेले रबर. आतली नळी बोल्टने गाडीच्या सांगाड्याला आवळलेली, बाहेरची आर्ममध्ये ठोकलेली. चाक वर-खाली झाले की कुठलाही पृष्ठभाग दुसऱ्यावर सरकत नाही, फक्त रबर पिळले जाते आणि परत येते. सरकणेच नाही, म्हणून अडणे-सुटणे नाही, म्हणून वंगणही नको.

आमच्या गाडीची चूक नेमकी इथे होती. रबर किती पिळले जाईल याला मर्यादा आहे. बुशाचा बोल्ट आवळताना गाडी जमिनीवर, नेहमीच्या उंचीवर हवी. म्हणजे गाडी उभी असताना रबर पिळाविना राहते आणि चाक वर गेले काय, खाली गेले काय, थोडेथोडेच पिळले जाते. शहरातल्या कार्यशाळेत गाडी उचलून, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले होते. गाडी खाली उतरवताच नवे बुश कायमचे पिळलेल्या अवस्थेत बसले. काही दिवसांनी ताण सहन न होऊन रबर नळीवरच सरकू लागले. जिथे सरकणे नसावे तिथे ते सुरू झाले आणि कुरकुर आली. वस्तू नवी होती, जागेवर होती, फक्त आवळण्याची वेळ चुकली होती.

पिंपळवंडीच्या मिस्त्रींनी मागच्या चाकांना दगड लावले, गाडी चढणीच्या फळ्यांवर घेतली, बोल्ट सैल केले, गाडी दोन-चार वेळा दाबून तिला तिच्या उंचीवर बसू दिले आणि त्या स्थितीत बोल्ट पुन्हा आवळले. रबराच्या कडेला सिलिकोनचे ग्रीस लावले. साधे तेल लावले नाही, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि सडते. बुशाचे आयुष्य थोडे कमी झाले असणार हेही त्यांनी सांगितले. कुरकुर थांबली.

कान, हात आणि क्रम

मग त्यांनी एक न सांगितलेले काम केले. पुढचे डावे चाक उचलून, खाली भक्कम आधार देऊन, त्यांनी चाक डाव्या-उजव्या कडेला धरले आणि हलवले. घड्याळातले नऊ आणि तीन. किंचित ठक असे हाताला लागले. टाय रॉड एंडचे रबरी टोपण फाटले होते, ग्रीस निघून गेले होते, आत धूळ शिरली होती आणि गोळा झिजला होता. आवाज मात्र काहीच नव्हता. ते म्हणाले, "जे वाजत होतं त्यानं तुमचं काही बिघडलं नसतं सर. हे गप्प होतं. हे निसटलं असतं तर चाक कुठं जाईल ते तुमच्या हातात राहिलं नसतं."

या एका वाक्यासाठी हा लेख लिहावा असे आम्हाला वाटले. आपण आवाजाला धोका समजतो आणि शांततेला सुरक्षितता. वाड्यावस्त्यांवरून मुले शाळेत आणणारी किती तरी वाहने आपण रोज पाहतो. त्यांच्या चालकाला 'गाडी वाजते का?' असे विचारणे पुरेसे नाही. 'चाक धरून कधी हलवून पाहिले?' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

तपासणीचा मिस्त्रींचा क्रम नंतर आम्ही लिहून काढला. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावरच कुरकुर आली आणि स्प्रिंगवर ठेवलेल्या हाताला झटके लागले, तर दोष स्प्रिंगच्या वरच्या टोकाच्या बेअरिंगमध्ये. अर्ल मॅकफर्सनची स्ट्रटची रचना १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत आली आणि आपल्याकडे १९८३ नंतर मारुतीमुळे घरोघर पोहोचली. तीत स्टिअरिंगबरोबर अख्खी स्प्रिंग फिरते, म्हणून हा दोष. कोपरा दाबल्यावर कुरकुर आली तर आर्मचे किंवा स्टॅबिलायझर बारचे बुश. एकेकावर पाणी घालून कोणता गप्प होतो ते पाहायचे. खडबडीत रस्त्यावर बारीक टकटक आली तर स्टॅबिलायझरची लिंक. पूर्ण वळणावर वेग देताना कटकट आली तर चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा. चाक नऊ-तीनला धरून हलले तर टाय रॉड, बारा-सहाला धरून हलले तर बॉल जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग. शेवटचे दोन दोष आढळले तर गाडी पुढे न्यायची नाही. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जायचे नाही.

आवाज कुठून येतो हे कळेना तेव्हा मिस्त्री लांब पेचकसाचे टोक सांध्याला आणि मूठ कानाला लावतात. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. घन पदार्थातून आवाज हवेपेक्षा चांगला पोहोचतो, हे तत्त्व पेचकसात स्पष्ट दिसते. पण साधनापेक्षा पद्धत महत्त्वाची. लक्षणे विचारा, एका वेळी एकच गोष्ट बदला, काय बदलले ते पाहा, आणि कारण कळेपर्यंत भाग बदलू नका. पाण्याची बाटली हा अस्सल नियंत्रित प्रयोग होता. बाकी सारे तेच ठेवून फक्त एका सांध्यातले घर्षण बदलले होते. प्रयोगशाळेत आम्ही याहून वेगळे काही करत नाही. फक्त आमच्या बाटल्या महाग असतात.

वर्गासाठी

विटेला रबरबँड बांधून करायचा प्रयोग वर सांगितला आहे. तो तीन प्रकारे करून पाहता येईल. रबरबँडऐवजी जाड सुतळी वापरा. विटेखाली साबणाचे पाणी घाला. वीट पाच मिनिटे तशीच ठेवून मग ओढा. झटके केव्हा वाढतात, केव्हा नाहीसे होतात, याची नोंद विद्यार्थ्यांना करू द्या. मग त्यांना घरातल्या आणि गावातल्या कुरकुरींची यादी करायला सांगा : दाराची बिजागरी, विहिरीचा रहाट, झोपाळ्याची कडी, सायकल, उसाची टायरगाडी. प्रत्येकीपुढे तीन रकाने ठेवा : काय घासते, काय कंप पावते, आणि ही कुरकुर निरुपद्रवी आहे की इशारा. जमल्यास गावातल्या मिस्त्रींना एक तास वर्गात बोलवा. ते कदाचित सूत्र सांगणार नाहीत. पण प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे असते.

आणि चौथा रकाना कोरा ठेवायला सांगा : जे वाजत नाही, पण तपासायला हवे.